काशीकाकीच्या ओळखीचा आवाज

कापसाचं बोंड फुटताना आवाज होत नाही. रात्री हिरवं, मिटलेलं असतं आणि सकाळी त्याच्या पाकळ्या मागे वळून आतलं पांढरं बाहेर आलेलं असतं. एवढी मोठी घटना, पण शेजारच्या पऱ्हाटीलाही पत्ता लागत नाही. दिवाळी सरली की यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून मी दोन्ही बाजूंची पांढरी होत जाणारी वावरं पाहते, आणि दरवर्षी मला हेच वाटतं की हा हंगाम मुका आहे. माझी त्या हंगामाची आठवण मात्र आवाजाची आहे. डिझेलचा, पत्र्याचा, गंजलेल्या नळीचा आवाज.

मी आता शहरात राहते. खोलीखालच्या रस्त्यावरून पोरं मोटारसायकली घेऊन जातात. सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकलेली असते, त्यामुळे गाडी जाते तेव्हा खिडकीची काच थरथरते. समोरच्या दवाखान्यात कुणाचं बाळ दचकून रडतं. मला राग येतो. मी त्यावर एक पत्रक लिहिलं, छापलं, चौकात उभी राहून वाटलं. पण लिहिताना एका वाक्यापाशी माझा हात अडला होता. ‘आवाजाची हौस ही रिकाम्या डोक्याची खूण आहे,’ असं ते वाक्य होतं. ते मी खोडलं. ते लिहिताना मला विनोदभाऊ आठवला.

विनोदभाऊ माझ्या काकांचा मुलगा. आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्ह्याच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर. तरुणपणी तो वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला. एक, पाठीचं दुखणं. दुसरी, गाड्यांच्या आवाजाचं वेड. चढावर भरलेला ट्रक येत असला की डोळे मिटून सांगायचा, “हा थकेल हाय. हा नवा हाय. याच्या डायव्हरले घरी जायची घाई हाय.” पुढे त्यानं एक जुनी जीप घेतली आणि वेचणीच्या हंगामात तांड्यातल्या बायांना वावरात नेऊ-आणू लागला.

ती जीप म्हणजे साधं वाहन नव्हतं. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बाया देवळाच्या ओट्यावर बसायच्या आणि उद्या कुणाच्या वावरात जायचं, किलोला काय भाव घ्यायचा, हे आपसात ठरवायच्या. मग विनोदभाऊ त्या शेतकऱ्याला फोन करायचा. मध्ये मुकादम नाही, ठेकेदार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, आयुष्यभर मजुरांची पत्रकं छापत आणि बाजाराच्या दिवशी वाटत फिरले. आमच्या घरात पाटी नव्हती. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. बांच्या प्रत्येक पत्रकाची सुरुवात ‘जागे व्हा’ अशी असायची. पण तांडा खरोखर जागा व्हायचा तो विनोदभाऊच्या सायलेन्सरनं.

कारण सकाळी हॉर्न वाजवायचा नाही, असा तांड्याचा नियम होता. कुणाकडे ओली बाळंतीण असते, कुणाची गाय धार देत असते. हॉर्नची गरजही नव्हती. जीप सुरू झाली की आधी ती खोकायची. तो खोकला ऐकून चुलीवरची शेवटची भाकर उलटायची. मग गडगडत ती वडापाशी यायची, तेव्हा डबे बांधायचे. आणि नाल्याच्या खाचखळग्यात शिरली की सायलेन्सरखालचा एक सुटलेला पत्रा तडतडायचा. तो तडतडला की नाल्यापलीकडे एकटी राहणारी काशीकाकी दाराला कडी घालून निघायची. तिच्या एका डोळ्यात पडदा आलेला, दुसऱ्यानं थोडं दिसायचं. फोन नव्हता. पण वेचायला बसली की तिची बोटं बोंडातून कापूस असा काढायची की पानाचा चुरा, कचरा काही म्हणता काही येत नसे. ती आवाजावर चालायची.

एका वर्षी मोठ्या गावातल्या एका ठेकेदारानं पांढरी, नवी गाडी आणली. पिंटूशेठ म्हणायचे त्याला. गाडीत मऊ सीट, गाणी, आणि आवाज असा की कुणी जड पडदा ओढत नेतंय. तो बायांना न्यायचा, पण भाव तोच ठरवायचा आणि मधले पैसे कापून घ्यायचा. तरी आमच्यातल्या दोघीतिघी तरण्या पोरी तिकडे गेल्या. त्यांत विनोदभाऊची सख्खी भाची वंदनाही होती.

“काहून गेली व तू?” त्यानं तिला विचारलं.

“मामा, तुह्या गाडीतून उतरलं की गावातले पोट्टे म्हणतात, तांड्याचं टमरेल आलं,” वंदना म्हणाली. “तिकडं कोणी हासत नाई.”

आणखी दोघीतिघी गेल्या असत्या तर जीप परवडली नसती. आणि जीप थांबली की ओट्यावरची बैठकही थांबली असती, भाव पिंटूशेठच्या तोंडून ऐकावा लागला असता. हे सगळ्यांना दिसत होतं. मी त्यावर संध्याकाळी ओट्यावर लांबलचक बोलले. एकी, स्वाभिमान, पिळवणूक. बाया ऐकत होत्या, वाती वळत होत्या. बोलणं संपल्यावर काशीकाकी म्हणाली, “झालं काय भाषण? मंग सरक तिकडं, उजेड अडवून राह्यली.”

विनोदभाऊला मात्र वेगळाच उपाय सुचला होता. 

“निमे, गाडीले आवाज नाई तं काही नाई,” तो मला म्हणाला.

“आवाज तं हाय ना भाऊ. दारव्ह्यापर्यंत ऐकू येते.”

“तो आवाज नोहोय व. तो खोकला होय.”

“इज्जत का सायलेन्सरमधून निघते?”

“तू पत्रक वाटते, तं मोठ्या अक्षरात काहून छापते?” तो म्हणाला. “बारीक छाप ना.”

मी पिशवीतलं पत्रक काढून मथळ्याच्या जाड अक्षरांकडे पाहिलं.

मग काही दिवस तो मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. कमी खर्चात गाडीचा आवाज कसा सुधारावा, हे जगभरचे लोक सांगत होते. ते कुठल्या भाषेत बोलत होते याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं, तो हात बघायचा. त्यातून त्यानं काढलेलं सार असं : आधी गळती बुजवायची, कारण फुटक्या नळीतून चांगला सूर निघत नाही. सायलेन्सरचा मागचा सडका डबा कापून टाकायचा. त्याच्या जागी भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती मोठी नळी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत भर. त्या भरीनं कर्कशपणा शोषला जातो आणि खोल तेवढं बाहेर येतं. दारव्ह्याच्या भंगारात त्याला एका मोडीत निघालेल्या गाडीची जाड नळी मिळाली. वेल्डर रफीकभाईनं सगळं जोडून दिलं, जुना डबा, त्याच्याखालचा तो तडतडणारा पत्रा काढून जीपमध्ये टाकला, आणि नव्या डब्याचं मागचं झाकण बोल्टवर ठेवलं. भरीची काचेची लोकर त्याच्याकडे नव्हती. “वो यवतमाल से लाना पडेगा,” तो म्हणाला. “लाके भर लो, बोल्ट कस लो.”

विनोदभाऊ यवतमाळला गेला नाही. अंगणात त्यानं मोबाइल सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर कुणीतरी पांढरं, मऊ, तंतूंचं काहीतरी नळीभोवती गुंडाळत होतं.

“हे काय होय, पाहा.”

“कापूस होय,” बाया म्हणाल्या.

“मंग यवतमाळले कायले जाऊ? यवतमाळच इथून कापूस नेते.”

आता हसू येतं. पण ज्या जिल्ह्यात गादीत कापूस, उशीत कापूस, थंडीत कानात कापूस, दिव्यात कापूस, जखमेवर कापूस, तिथं आवाज मऊ करायला दुसरं काय सुचणार? घरोघरी कवडी पडलेलीच होती, म्हणजे किडीनं डागाळलेला, व्यापारी हात लावत नाही तो कापूस. एकीनं विचारलंही, “जळन नाई काय रे?”

“वात काहून जळते? तिले हवा लागते म्हणून,” विनोदभाऊ म्हणाला. “इथं हवा कुठं हाय? दाबून भरा.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही. मी शिकलेली होते, विज्ञानाच्या बाजूनं भाषणं द्यायचे, आणि मी हातातली कवडी लाटण्यानं नळीत ठासत होते. गादी भरावी तशा बाया भरत होत्या. थट्टा चालली होती. “विन्याची गाडी आता बाळंतीण झाली, कानात कापूस घातला तिच्या,” काशीकाकी म्हणाली आणि सगळं अंगण हसलं.

अंधाराआधी नाला ओलांडायला हवा म्हणून ती तेवढ्यात घरी निघून गेली. मग बोल्ट कसले. किल्ली फिरवली. आणि तो आवाज आला. रिकाम्या रांजणाच्या तोंडाशी तोंड नेऊन कुणी हळूच ‘हूं’ म्हणावं तसा. खोल, भरलेला, शांत. विनोदभाऊनं पाय दाबला तर तो ओरडला नाही, फक्त जाड झाला. विनोदभाऊचे डोळे भरून आले होते. एका माणसाला आपल्या दारात चांगला आवाज ऐकून रडू येतं, ही गोष्ट मी त्या आधी कुठल्या पत्रकात वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. जीप तांड्यातून निघाली ती जणू चालत निघाली. बाया ऐटीत बसल्या होत्या. वंदना दारात उभी होती, तिनं एकदा बघितलं आणि डबा घेऊन आत चढली. विनोदभाऊनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी हार मानली. नाला आला, गेला. डांबरी रस्ता लागला. मोठ्या गावाच्या चौकात जीप मुद्दाम हळू केली गेली. चहाच्या टपरीवरची पोरं माना वळवून बघत राहिली, कुणी टमरेल म्हटलं नाही. 

पुढचं गाव ओलांडल्यावर कुणीतरी म्हणालं, “काशीकाकी कुठं हाय?”

ती आत नव्हती. कोपऱ्यातली तिची जागा रिकामी होती आणि आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही आवाज ऐकत होतो ना.

“आली नसन आज,” विनोदभाऊ म्हणाला. “वावरवाले दादा वाट पाहून राह्यले असतील.”

“काशीकाकी येत नाई असं कधी झालं काय?” वंदना म्हणाली. आदल्या दिवसापर्यंत पिंटूशेठच्या गाडीत बसणारी वंदना. “फिरव गाडी.”

“अवं पण...”

“फिरव म्हन्लं ना!” आता साऱ्याच बोलल्या.

त्यानं गाडी फिरवली. त्याच्या चेहऱ्यावर वैताग होता, तो मी लपवणार नाही. त्याची मिरवणूक अर्ध्यात मोडली होती. परत जाताना तो भरधाव निघाला आणि टेकडीचा चढ त्यानं पाय दाबून चढवला. तिथं मला पहिल्यांदा वास आला. आधी वाटलं, कुणी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पालापाचोळा पेटवलाय. मग कळलं, हा वास आपल्या घरातला आहे. विझलेल्या वातीचा वास. मागे पाहिलं तर जीपच्या मागे पांढऱ्या धुराची जाड वेणी लोंबत होती.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा सगळ्या उड्या मारून खाली उतरल्या. विनोदभाऊनं गाडी बंद केली. बाया ओंजळीनं ओली रेती डब्यावर टाकू लागल्या. आणि त्या धुरात, काठावरच्या तिच्या घरात काशीकाकी दिसली. दाराच्या फटीतून बघत होती. आम्हाला ओळखून ती बाहेर आली.

“काकी, आली काहून नाई तू?” विनोदभाऊ ओरडला.

“तू होता काय तो?” ती चकित झाली. “मले वाटलं, जंगलवाला सायब आला. एवढा भारी आवाज तांड्यात दुसऱ्या कोणाचा येते? मी मोळीवर ताडपत्री टाकली, दार लावलं आन् चूप बसली.”

तिच्या अंगणात जंगलातून आणलेल्या काटक्यांची मोळी होती. ताडपत्रीखालून तिची टोकं दिसत होती.

कुणीतरी फसकन् हसलं. मग सगळ्याच हसत सुटल्या, रेतीनं माखलेल्या हातांनी, धुरानं पाणावलेल्या डोळ्यांनी. विनोदभाऊ हसला नाही. तो नाल्याच्या काठावर उकिडवा बसला आणि काडीनं त्या डब्यावरची रेती उकरू लागला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्या क्षणी कळलं, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. माझ्या मनातलं सांगते. मी आयुष्यभर ऐकत आले होते की आपला आवाज मोठा झाला पाहिजे. पण मोठ्या, भारदस्त आवाजानं आमच्या तांड्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवली होती : आत जा, दार लाव, आपलं आहे ते झाकून ठेव. आम्ही तोच आवाज हौसेनं आपल्या गाडीला बसवला होता, आणि आमच्यातली सगळ्यात एकटी बाई त्याला घाबरून दाराआड बसली होती.

कापूस जळून गेला होता. त्यामुळे जीप पुन्हा सुरू केली तेव्हा डब्यातून असा काही आवाज फुटला की झाडावरचे बगळे उडाले. तशाच फडफडाटात आम्ही वावरात पोचलो. शेतकरी दादा धुऱ्यावर उभे होते. “काय बाप्पा, तोफ आणली काय?” ते म्हणाले. “मी म्हन्लं, माह्या वावरावर हल्लाच आला.” उशिराबद्दल मात्र ते बोलले नाहीत. धुकं नुकतंच उठलं होतं, दव वाळल्याशिवाय वेचायचं नसतंच.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडल्या. विनोदभाऊ बाजूला बसला होता. काशीकाकीनं आपल्या ठेच्यातला गोळा त्याच्या भाकरीवर ठेवला आणि बोलता बोलता आपल्या सासऱ्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ते लदेणीवर जात, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून गावोगाव फिरत. सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असे. प्रत्येक तांड्याची घंटा वेगळी. तिचा नाद ऐकला की गावातल्या बाया समजत, आपला मीठवाला आला, आणि भांडी घेऊन बाहेर येत.

“घंटा फुटकी होती म्हणत,” काकी म्हणाली. “सोनाराच्या पोरानं म्हन्लं, नवी करून देतो. तं बुढा म्हणे, नको बावा. नवी वाजली तं लोक म्हणतीन, हा कोण आला? मंग मीठ कोणाले विकू?”

विनोदभाऊ भाकरीकडे बघत म्हणाला, “म्हंजे मी टमरेलच वाजवू काय काकी?”

“टमरेल नको वाजवू. लोकाइले हासू येते, मलेही येते,” ती म्हणाली. “पण मी उठली पायजे, असं काही वाजव.”

जीप पुन्हा रफीकभाईकडे गेली. जुन्या डब्याची भोकं त्यानं पत्र्याचे तुकडे लावून बुजवली. इंजिनापाशी धूर गळत होता, तिथलं पॅकिंग बदललं. नवी नळी राहिली, पण जुन्याच डब्यात येऊन मिळाली, आणि डब्याखालचा तो सुटा पत्रा विनोदभाऊनं तसाच तडतडता लावून घेतला. आवाज पहिल्यापेक्षा गोल झाला, खोकला गेला. पिंटूशेठच्या गाडीसारखा तो कधीच झाला नाही. पुन्हा सुरू केली तेव्हा विनोदभाऊ खूश झाला होता असंही नाही. ज्या माणसानं एकदा रांजणातला ‘हूं’ ऐकलाय, त्याचं समाधान दुरुस्तीनं होत नाही. वंदना जीपमध्ये राहिली. गेलेल्यांपैकी दुसरी एक पिंटूशेठकडेच राहिली, आणि तिच्या घरची ओढाताण माहीत असल्यामुळे मी तिला काही बोलले नाही. ओट्यावरची बैठक त्या हंगामात मोडली नाही. भाव बायांनीच ठरवला.

शहरात कधीकधी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि त्यांच्यावरून रोलर फिरवतात. लोक मोबाइलवर ते टिपतात. मी त्या बाजूची आहे. दवाखान्यासमोर काचा थरथरवणाऱ्या आवाजाची मी कधीच बाजू घेणार नाही. पण चेपल्या जाणाऱ्या त्या नळ्या बघताना मला वाटतं, यातली एखादी नळी ज्याची आहे तो पोरगा कुठल्या चौकात हसू ऐकून आलाय, हे कुणी विचारलं का? ज्यांना कुणी ऐकत नाही ते कधी पत्रक छापतात, कधी सायलेन्सर कापतात. प्रश्न आवाज किती मोठा हा नाहीच. तो ऐकून कोण बाहेर येतं आणि कोण दार लावतं, हे बघायचं असतं. माझ्या पत्रकांनाही मी आता हाच प्रश्न विचारते. त्यातली किती भारदस्त वाक्यं काशीकाकीला सायबाच्या गाडीसारखी ऐकू जात असतील, कुणास ठाऊक.

जीप आता नाही. विनोदभाऊनं एक जुनी पण बरी गाडी घेतली आहे. तिचा आवाज जवळजवळ नाहीच. परवा मी गावी गेले तेव्हा तो मला घ्यायला दारव्ह्याला आला होता. हंगाम लागण्याआधी गाडी दाखवून घ्यावी म्हणून आम्ही रफीकभाईकडे थांबलो. रफीकभाईची दाढी पांढरी झाली आहे. तो गाडीखाली शिरला, आणि आतून त्याचा आवाज आला.

“भाऊ, ये सायलेन्सर के नीचे का पत्रा ढिला हो गया. टाका मारून देऊ काय?”

“ते ढिलं झालं नाई, भाई,” विनोदभाऊ म्हणाला. “मी केलं.”

“अरे, नाल्यात वाजन ना फिर!”

“वाजू द्या,” विनोदभाऊ म्हणाला. “काशीकाकी यंदाही येऊन राह्यली वेचाले.”